पाच गाठींची वायर

मंगळवार, ५ मे

चि. भुंगीस,

आज दुकान दुपारनंतर बंद ठेवलं. सकाळी लिफ्टवाले येऊन गेले. मग मागच्या खोलीतली जळमटं काढली, आईच्या कॉटवरची गादी गुंडाळून भिंतीशी उभी केली आणि तीन वाजता हे लिहायला बसलो.

फोन तू उचलत नाहीस. तक्रार नाही. पत्र घरात पडून राहतं, मनात येईल तेव्हा उघडता येतं, म्हणून पत्र.

लिफ्टवाले म्हणजे आईच्या छोट्या रेल्वेगाड्यांच्या मंडळातले ते उंच गृहस्थ. लिफ्ट दुरुस्त करतात म्हणून तू लहानपणी त्यांना 'वरखाली काका' म्हणायचीस. त्यांना आईचा टेबलावरच्या छोट्या रेल्वेचा बोर्ड वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये कायमचा मांडायचा आहे. मी हो म्हटलं. पण त्यांची एक अट आहे. रविवारी, २४ तारखेला अकरा वाजता ते बोर्ड चालवून बघणार. पाचही सायडिंगा नीट चालल्या तर अख्खा बोर्ड उचलून नेतील. नाही चालल्या तर, म्हणाले, "रूळ उपटून सुटे न्यावे लागतील, दुकानदार. लोकांसमोर गाड्या आपटायला लागल्या तर बाईंचंच नाव जाईल."

आईने अकरा वर्षं लावलेले रूळ कोणी पकडीने उपटतंय हे मला बघवणार नाही. म्हणून मी स्वतः शिकायचं ठरवलं आहे. आतापर्यंत मला एवढं कळलं आहे: वीज रुळातूनच जाते आणि कंट्रोलर एकच, त्यामुळे बटण फिरवलं की रुळांवरची सगळी इंजिनं एकदम निघतात. एकाला थांबवायचं तर त्याला बाजूच्या सायडिंगमध्ये घालायचं आणि तेवढ्या तुकड्याची वीज तोडायची. म्हणून दर सायडिंगला एक स्विच. तुला हे सगळं पाठ आहे. मी लिहून बघतो आहे, बरोबर येतं का ते.

अडचण अशी की बोर्डाच्या कडेच्या पाटीवर स्विच चारच आहेत. सायडिंगा मोजल्या तर पाच. आईने वायरींची काही वही ठेवली होती का? तुला आठवत असेल तर कळव. घाई नाही. म्हणजे २४ तारीख आहे, पण तुझ्या सवडीने.

आई गेली त्या दिवसापासून बोर्डाचा प्लग काढलेलाच होता. मीच काढला होता. कंट्रोलर चालू राहिला होता, हाताला कोमट लागला. तुझं छोटं हिरवं इंजिन फलाटाशी उभं होतं, ते उचलून शेडमध्ये नेऊन ठेवलं. बाकी कशाला हात लावलेला नाही.

आईच्या कॉटजवळच्या बेलविषयी तू विचारलं होतंस त्याचं उत्तर मी तेव्हाच दिलं आहे. दुकानात गिऱ्हाईक होतं, वाजली असेल, ऐकू आली नाही. त्यात काही बदल नाही.

बाबा


रविवार, १० मे

चि. भुंगीस,

आज सकाळी नऊ वाजता प्लग लावला. लावण्याआधी बोर्डाखाली टॉर्च घेऊन दोनदा बघून आलो. काही जळालं नाही.

मालगाडी बाहेरच्या रुळावर ठेवली. सहा डब्यांची लांब गाडी दोन नंबरच्या सायडिंगमध्ये घातली आणि दोन नंबरचा स्विच बंद केला. कंट्रोलर अगदी थोडा फिरवला. मालगाडी निघाली. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने "अगं, निघाली!" असं म्हणालो. मग पाहतो तर लांब गाडीही निघाली होती. तिने वळणावर मालगाडीला मागून गाठलं. शेवटचा डबा टेबलावरून खाली गेला. कुठला तरी वास आला म्हणून मी प्लग ओढून काढला आणि बाहेर येऊन उभा राहिलो. नंतर चार वेळा आत जाऊन पाहिलं, प्लग खरंच काढलेला आहे ना. काढलेला होता.

डब्याच्या टोकाचा बफर तुटला आहे. चिकटवला. सरळ दिसतो.

लिफ्टवाल्यांना विचारायला त्यांच्या घरी गेलो. ते जेवत होते. म्हणाले, "दोनवर दोन नाही? मग दोनवर काय आहे?"

मी म्हटलं, "तेच तर कळत नाही."

"लेबलं आहेत ना?"

"आहेत. प्रत्येक वायरीला आहे."

"बाईंनी लेबलं लावली?" त्यांचा घास हातातच राहिला. "बाईंच्या बोर्डाखाली मी स्वतः आडवा झालोय दोनदा. लेबल एक दिसलं नाही मला."

मी विषय बदलला. त्यांच्या पत्नीने चहा घेऊन जा म्हटलं, पण मला दुकान उघडायचं होतं. रविवार होता हे रस्त्यात लक्षात आलं.

तुला एक विचारायचं आहे. पॅकिंगच्या दोऱ्यासारखा मेण लावलेला पिवळा धागा आई वापरायची, तो कशासाठी?

बाबा


गुरुवार, १४ मे

चि. भुंगीस,

सकाळपासून पाऊणशे गिऱ्हाइकं झाली. साथ आहे तापाची. एका बाईंना खोकल्याचं औषध देताना मी तीनदा चिठ्ठी वाचली, तर त्या म्हणाल्या, "भाऊ, मीच खोकतेय, तुम्ही का घाबरलात?" सगळे हसले. मीही हसलो.

मागच्या पत्रात धाग्याचं विचारलं, ते का विचारलं हे लिहिलं नव्हतं. लिहितो.

मार्च महिन्यात, तू परत गेल्यावर तीन आठवड्यांनी, मी बोर्डाखाली साफसफाई केली. मला ते करायला कोणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी खोलीत काहीतरी करावं असं वाटायचं. खाली वायरींचा एक जाड जुडगा होता आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला मळका पिवळा धागा बांधलेला होता. कोणाला एक गाठ, कोणाला जास्त. मला वाटलं, जुडगा बांधताना उरलेले तुकडे असतील. मी कात्रीने सगळे कापले आणि फेकले. मग दुकानातल्या बाटल्यांना लावतो ती लेबलं टाइप करून प्रत्येक वायरीला लावली. डावीकडून उजवीकडे, एक, दोन, तीन, चार. ज्या क्रमाने लोंबत होत्या त्या क्रमाने.

तुला माझी पद्धत माहीत आहे. ज्यावर लेबल नाही ती बाटली ओतून द्यायची. तीस वर्षं मी हेच केलं आणि एकदाही चूक झाली नाही. त्या संध्याकाळी मला फार बरं वाटलं होतं. खाली झोपून मी ती लेबलं बघत राहिलो होतो.

काल आठवलं. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती तेव्हा तिथल्या केबलींना असाच धागा बांधत. अंधारात, न बघता, बोटांनी गाठी मोजून वायर ओळखता यावी म्हणून. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी तिने मला हे सांगितलं होतं. तेव्हा मी म्हटलं होतं, दिवा लावून वाचायला काय होतं? त्यावर ती म्हणाली होती, "अहो, दिवाच गेलेला असतो. म्हणून तर आम्ही जातो."

धागे परत मिळणार नाहीत. आता कुठली वायर कुठल्या सायडिंगची ते कोणाला माहीत नाही, आणि चुकीचं असलं तरी सगळं नीटनेटकं दिसतं. रोज एक स्विच चालू करून बघावा असं ठरवतो, पण हात पुढे जात नाही. मागच्या वेळचा वास अजून येतो असं वाटतं. लिफ्टवाले म्हणतात, वास येतच नाही.

तुला राग येईल. आधीच्या रागात हा घाल.

बाबा


बुधवार, २० मे

चि. भुंगीस,

तुझं कार्ड आज बाराच्या टपालाने आलं. गल्ल्यावर ठेवून दोन गिऱ्हाइकं केली आणि मग वाचलं. त्यावर 'ति. बाबा' नाही आणि खाली नाव नाही. अक्षर मात्र तुझंच आहे, 'ळ' तसाच पोटाला फुगलेला. तू लिहिलंस ते मी इथे उतरवून ठेवतो, कारण कार्ड बोर्डाखाली नेऊन मळलं आहे:

'धागे कापायला नको होते. वही नव्हती. लेबलं काढून टाका. छोटा बल्ब घ्या, दोन वायरी जोडा. इंजिनं उचलून बाजूला ठेवा. सगळे स्विच बंद. कंट्रोलर अर्ध्यावर. एकच स्विच चालू करा आणि बल्ब प्रत्येक सायडिंगच्या दोन रुळांना लावून बघा. जिथे लागेल ती सायडिंग त्या स्विचची. मग पुढचा. बारा व्होल्ट आहेत, काही होत नाही, घाबरू नका. चार सायडिंगा मी असताना झाल्या. पाचवीचं मला माहीत नाही, ती मी गेल्यावरची.'

इतकं सोपं होतं. मला सुचलं नाही, कारण माझ्या धंद्यात बाटलीत काय आहे ते चाखून बघत नाहीत.

चार वाजता दुकान नोकराणीवर सोपवलं. म्हणजे ती फार्मसी शिकलेली मुलगी, तिला नोकराणी म्हटलेलं आवडत नाही, तुला आईने सांगितलं असेल. लेबलं काढली. बल्ब आईच्याच डब्यात मिळाला. पहिला स्विच चालू केला आणि बल्ब एकीला लावला, नाही. दुसरीला, नाही. तिसरीला लागला. इवलासा पिवळा उजेड. मी तो बराच वेळ तसाच धरून ठेवला. चारही स्विच लागले. माझं एकही लेबल बरोबर नव्हतं. निदान एक तरी चुकून बरोबर यायला हवं होतं की नाही?

लांब गाडी आता सायडिंगमध्ये ऐटीत उभी राहते आणि मालगाडी तिच्या बाजूने जाते. मी पाच फेऱ्या केल्या.

पाचवी राहिली. ती शेडपासून फलाटापर्यंत टेबलाच्या कडेने जाते, कॉटच्या बाजूने. दोन्ही टोकांना प्लास्टिकचे जोड आहेत, म्हणजे बाकीच्या रुळातून तिला वीज मिळत नाही. तिची वायर बोर्डाखालून निघते आणि भोकातून कॉटकडे जाते. मी तिथपर्यंत टॉर्च नेला आणि थांबलो. कॉटपाशी माझ्या बेलचं बटण आहे. तिथल्या वायरींना हात लावायचा नाही असं मी ठरवलेलं आहे.

लिफ्टवाल्यांना निरोप पाठवतो की चार चालतात. चारांवर भागतं का बघू.

बाबा


शनिवार, २३ मे

चि. भुंगीस,

चारांवर भागत नाही. लिफ्टवाले दुकानात येऊन सांगून गेले. "पाचवी काय शोभेची आहे? बाईंनी शोभेचा रूळ एक इंच घातला नाही कधी." उद्या अकराला येतात.

त्याआधी तुला सांगायला हवं ते सांगतो. हे मी कोणाला बोललेलो नाही.

बेल वाजली नव्हती.

मी तुला म्हटलं, वाजली असेल, गिऱ्हाईक होतं, ऐकू आली नाही. गिऱ्हाईक नव्हतं. सव्वातीन ते पावणेचार दुकानात कोणीच नव्हतं. बेल माझ्या डोक्यावर दोन हातांवर होती. आत गेलो तेव्हा आईचा हात कॉटच्या कठड्यावर, बेलच्या बटणाशी होता. संध्याकाळी सगळे पांगल्यावर मी ते बटण दाबून पाहिलं. बेल वाजली नाही. पुन्हा दाबलं. नाही.

ती बेल मी बसवली होती. आईला आवाज चढवता येत नव्हता म्हणून. वायरी जोडताना माझ्याकडे चिकटपट्टी नव्हती, तर मी जखमेवरची पट्टी गुंडाळली. आई तेव्हा हसली होती. "तुमच्या पट्टीने माणूस बरा होतो, वायर नाही होत." पहिल्या दिवशी तिने दोनदा वाजवली, दोन्ही वेळा चहासाठी. नंतर वाजली नाही. मी समजलो, गरज पडत नाही. तिनेच म्हटलं होतं, "दर अर्ध्या तासाला तुम्ही डोकावताच, मग बेल कशाला?"

तर मी असं धरून चाललो की जोड सुटला. ती दाबत राहिली आणि मी बाहेर बसून औषधांच्या तारखा तपासत होतो. तू यायच्या आधी मी बेल भिंतीवरून काढली आणि खोक्यात घातली. तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो. तू म्हणालीस, "ऐकू आली नाही, की उठावंसं वाटलं नाही?" ते ऐकून घेणं सोपं होतं. पट्टीचं सांगणं अवघड होतं.

आता आजचं.

दुपारी दोन वाजता मी कॉट ओढून बाजूला केली आणि जमिनीवर झोपून बटणाच्या वायरी पाहिल्या. माझी पट्टी तिथे नव्हती. बेलकडे जाणारी वायर सोडवून, टोकं मेणाच्या धाग्याने बांधून, कठड्याच्या आतल्या बाजूला नीट गुंडाळून ठेवली होती. एवढा सफाईदार वेढा मला येत नाही. पट्टीची गोळी करून तिथेच चिकटवली होती. बटणातून नवीन दोन वायरी निघून बोर्डाच्या भोकात गेल्या होत्या. त्यातल्या एकीवर पिवळा धागा होता. मार्चमध्ये मी कॉटच्या बाजूला गेलोच नव्हतो, म्हणून तो राहिला. मी टॉर्च बंद केला आणि बोटांनी मोजलं. पाच गाठी.

हिरवं इंजिन शेडमधून पाचव्या सायडिंगवर ठेवलं. कंट्रोलर त्या दिवशी होता तेवढाच, थोडासा वर. मग कॉटशेजारी जमिनीवर बसून बटण दाबलं. इंजिन निघालं. सोडलं, थांबलं. दाबलं, निघालं. दाबून धरलं की फलाटापर्यंत जातं, बरोबर उशीवरून दिसेल असं.

त्या दिवशी ते फलाटाशीच उभं होतं. मी उचलून शेडमध्ये ठेवलं. नेहमीसारखं, जागच्या जागी.

म्हणजे तिने मला बोलावलंच नाही. ती गाडी चालवत होती. हे चांगलं की वाईट ते मी दुपारपासून ठरवतो आहे आणि ठरत नाही. तीन महिने मला दिसत होतं की ती बेल दाबते आहे आणि कोणी येत नाही. ते आता दिसत नाही. पण मी दोन खोल्यांपलीकडे असताना तिने बेलची वायर काढून टाकली आणि मला सांगितलं नाही, हे दिसतं. कदाचित सांगणार होती. कदाचित तिला वाटलं असेल मी रागवेन. मी रागावलो असतो.

तुला यातलं काय करायचं ते तू ठरव. मी खोटं बोललो एवढं खरं आहे.

बाबा


रविवार, २४ मे

चि. भुंगीस,

लिफ्टवाले पावणेअकरालाच आले. बूट काढून थेट बोर्डाखाली गेले. आतून विचारलं, "लेबलं कुठे गेली?" मी म्हटलं, काढली. "बरं झालं," आतून आवाज आला.

एकामागून एक चार सायडिंगा चालवल्या. गाडी आत, स्विच बंद, दुसरी गाडी बाजूने पुढे. कुठे अडली नाही. चिकटवलेला बफर त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला आणि पुढे सरकले.

पाचवीपाशी आले तेव्हा कठड्यावरचं बटण बघून म्हणाले, "हे काय? हॉस्पिटलातलं?"

"बेलचं आहे. दाबून बघा."

त्यांनी दाबलं. इंजिन फलाटाकडे निघालं. सोडलं. पुन्हा दाबलं. एवढा मोठा माणूस, सहा-सात वेळा तेच करत बसला.

"लिफ्टचं बटणही असंच असतं," ते म्हणाले. "फक्त लोक उगाच दहा वेळा दाबतात." मग म्हणाले, "हॉलमध्ये पाटीवर रीतसर स्विच बसवू या. मुलं हे उखडून टाकतील."

मी म्हटलं, "हेच बसवा. मुलांना दाबू द्या."

मी त्यांना कारण सांगितलं नाही. ते तुला सांगितलं आहे, तेवढं पुरे.

अख्खा बोर्ड नेतात. शनिवारी, ३० तारखेला, सकाळी दहाला. चार माणसं लागतील, त्यांनी तीन धरली आहेत. चौथा मी, किंवा तू आलीस तर तू. तुझ्या कार्डाचं उत्तर म्हणून हे लिहीत नाही. तुला हिरवं इंजिन स्वतःकडे हवं असेल तर तसं कळव, मी शनिवारपर्यंत ते बांधून ठेवणार नाही.

ते गेल्यावर आईच्या डब्यातलं मेणाच्या धाग्याचं रीळ काढलं. बोर्डाखाली झोपून चारही वायरींना धागे बांधले, एकीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार. चौथीची शेवटची गाठ सुटत होती, ती पुन्हा मारली. आईसारखं दिसत नाही. टॉर्च बंद करून मोजलं तर बरोबर लागतं.

मग खोक्यातली बेल काढली. नवं बटण जोडून ती आता पुढच्या दाराला लावली आहे. जोडाला विजेच्या दुकानातून आणलेली खरी चिकटपट्टी लावली, दोन वेढे जास्तच. ती वाजते की नाही हे सांगायला घरात दुसरं कोणी नव्हतं. म्हणून दार लोटून मी बाहेर पायरीवर उभा राहिलो, बटण दाबलं आणि दाराला कान लावला. आत वाजली. खात्रीसाठी पुन्हा एकदा दाबली आणि मग चप्पल काढून आत आलो.

बाबा